गोव्याचा अनवाणी पाद्री

श्रोतेहो, नाना पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोव्याचे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. पुढे दातांनी दगा दिला, ट्रंपेट सुटलं आणि ते घरी मुलांना पेटी शिकवू लागले. सारी गल्ली त्यांना अंकल म्हणायची, मीही. १४ जानेवारी २०१५. संक्रांतीच्या तोंडावरची थंडीची सकाळ. आठच्या सुमाराला अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे. त्यांच्या घरचा टीव्ही बिघडला होता. म्हणाले, "शायर, टीव्ही लाव. आज आमचा जुझे संत होतो."

कोलंबोचा समुद्रकिनारा दिसत होता, गॉल फेस मैदान माणसांनी भरलेलं होतं. पोप फ्रान्सिस आले होते. गोव्यातल्या एका पाद्र्याला त्यांनी त्या दिवशी संत म्हणून जाहीर केलं. त्यांचं नाव जोसेफ वाझ. गोवेकरांच्या तोंडी जुझे वाझ. माझी बायको चहा घेऊन आली, तिनंही दारात उभं राहून थोडा वेळ पाहिलं. गोव्याचा संत म्हटलं की मला तोवर एकच नाव ठाऊक होतं, सेंट झेवियर. मी तसं बोलून गेलो. अंकल जरा रागावलेच. "झेवियर तिकडून आला. हा आमचा, साष्टीचा."

त्या दिवसापासून या माणसाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो, आणि आज बोलतोय एका कोकणी कॅथलिक संतावर, ज्याचं सगळं काम श्रीलंकेत झालं. तुम्हाला हे थोडं विचित्र वाटेल. पण तेवढं बाजूला ठेवून ही हकिगत ऐका, कारण तिच्यात आपल्या ओळखीचं पुष्कळ आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतल्या बाणावली गावी, आजोळी झाला. वडिलांचं गाव सांकवाळ. वडील क्रिस्तोव्हाव वाझ, आई मारिया दी मिरांडा. घराणं मूळचं सारस्वत ब्राह्मणाचं, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. सांकवाळ हे नाव पुण्यातल्या काही सारस्वत कुटुंबांना चांगलं माहीत असेल. त्यांचं कुलदैवत लक्ष्मी नृसिंह आज फोंडा महालात वेलिंगला आहे, ते मूळचं सांकवाळचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं मोडायला घेतली, तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे नेली. गावातल्या काही घरांनी देव नेला, काही घरं तिथंच राहिली आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच गावचे, एकाच आडनावाचे लोक दोन काठांना वाटले गेले. वाझ यांचे पूर्वज अलीकडच्या काठावर राहिलेल्यांपैकी.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. हे मूल जन्मलं तेव्हा शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' पहिल्यांदा छापलं गेलं ते याच साष्टीत, रायतूरला, १६१६ साली. आणि त्याची तिसरी आवृत्ती निघाली १६५४ साली, जोसेफ तीन वर्षांचा असताना. म्हणजे मराठी ओवीत येशूची कथा गायली जात होती, त्या मुलखात हा मुलगा वाढला.

शिक्षण चांगलं झालं. पोर्तुगीज आणि लॅटिन गावाकडे, पुढचं गोवे शहरात जेझुइटांच्या कॉलेजात आणि डॉमिनिकन पाद्र्यांकडे. १६७६ साली त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी पायातलं घालायचं सोडलं. दीक्षा घेतलेला पाद्री त्या काळच्या गोव्यात मोठा माणूस. बूट, झगा, छत्री धरायला नोकर असा सगळा थाट. वाझ अनवाणी चालू लागले, कारण गावातली गरीब माणसं अनवाणी चालत होती.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एक कागद लिहून ठेवला. मी आजपासून मारिया मातेचा कायमचा गुलाम आहे, अशा अर्थाचं ते गुलामीचं पत्र. कायदेशीर खताच्या भाषेत लिहिलेलं. हे वाचताना मी थबकलो. आमच्यात गुलाम हे नाव ठेवतात, अब्दुल म्हणजे तरी काय, अल्लाचा बंदाच. मराठीत रामदास आहेत, नामयाची दासी जनी आहे. भक्ताला स्वतःला दास म्हणवून घेण्यात सुखच वाटतं. पण त्या वेळच्या गोव्यात गुलाम ही नुसती उपमा नव्हती. आफ्रिकेतून आणलेली माणसं तिथं बाजारात विकली जात, प्रतिष्ठित घरांतून आणि मठांतूनही राबत. ज्या गावात खरी गुलामखतं लिहिली जात होती, तिथं एका शिकलेल्या पाद्र्यानं आपल्या नावाचं गुलामखत लिहावं याला वेगळं वजन आहे. पुढे दहाच वर्षांत त्यांनी ते अंगावर पांघरून दाखवलं. ते येईलच.

श्रीलंकेला जायची ओढ त्यांना याच सुमाराला लागली. तिकडची परिस्थिती थोडक्यात अशी. किनारपट्टीवर आधी पोर्तुगीज होते. त्यांनी तिथं लोकांना कॅथलिक केलं, देवळं पाडली. मग डच आले. १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना त्यांनी जिंकून घेतलं. डच ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट पंथाचे. कॅथलिक पाद्र्यांना त्यांनी हाकलून दिलं, प्रार्थनेवर बंदी घातली, पाद्र्याला आसरा देणाऱ्याला मरणाची शिक्षा जाहीर केली. पोर्तुगीजांनी गोव्यात हिंदूंना जे भोगायला लावलं होतं, बऱ्याच अंशी तेच आता श्रीलंकेतल्या कॅथलिकांच्या वाट्याला आलं. रात्री लपून प्रार्थना, घरात पुरून ठेवलेल्या मूर्ती. जवळजवळ तीस वर्षं एकही पाद्री त्यांच्यात नव्हता. मुलं बाप्तिस्म्याशिवाय वाढत होती, माणसं शेवटच्या विधीशिवाय मरत होती.

वरिष्ठांनी मात्र वाझ यांना आधी धाडलं कानडा मुलखात, १६८१ साली. मंगळूर, कुंदापूर, गंगोळी आणि शिवाजी महाराजांच्या स्वारीमुळे आपल्याला माहीत असलेलं बसरूर. तिथं गोव्याचे आर्चबिशप आणि थेट रोमनं नेमलेले बिशप यांच्यात हुकमत कुणाची यावरून भांडण पेटलेलं होतं. मोडकी चर्चं उभी करणं, शाळा काढणं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणं, अशी तीन वर्षं त्यांनी तिथं काढली. त्या भांडणाचा तपशील मी वाचला, पण तो कंटाळवाणा आहे, तुम्हाला सांगत नाही.

१६८४ साली ते गोव्याला परतले. त्याच्या आदल्या वर्षी गोव्याचं काय झालं होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात घुसल्या, आणि घाबरलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड त्या मृतदेहापाशी ठेवला, आता तूच राज्य सांभाळ म्हणून. राज्य वाचलं. मग याच व्हाइसरॉयनं, कौंट दी आल्व्हर त्याचं नाव, २७ जून १६८४ रोजी फर्मान काढलं की गोव्याच्या लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी बोलणं सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं.

माणसाला आपली भाषा सोडायला सांगणं काय असतं हे, श्रोतेहो, मला जरा जास्त कळतं. मला कुणी फर्मान काढून सांगितलेलं नाही. पण मुशायऱ्यात विचारतात, तुम्ही उर्दूत का नाही लिहीत? आणि मराठी संमेलनात कुणी कौतुकानं म्हणतं, तुमचं मराठी किती शुद्ध आहे! माझ्या आईनं मला ज्या भाषेत रागावलं ती भाषा शुद्ध असायला काय झालं? मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापूरला पहिल्यांदा भरलं, त्याला आता तीन दशकं उलटली. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले. तरी प्रश्न संपत नाही. असो. विषय वाझ यांचा आहे.

त्या फर्मानाच्या काळात वाझ काही देशी पाद्र्यांना जाऊन मिळाले. गोव्यातले मोठे धर्मसंघ, जेझुइट असोत वा फ्रान्सिस्कन, एतद्देशीयांना आपल्यात घेत नसत. पाद्री व्हा, पण आमच्या पंगतीत बसू नका, असा मामला. म्हणून या मंडळींनी स्वतःचाच संघ काढला, ओरेटरी नावाचा. सप्टेंबर १६८५ मध्ये वाझ त्यात शिरले आणि त्याचे प्रमुख झाले. आशियातल्या देशी माणसांनी चालवलेला हा पहिला कॅथलिक धर्मसंघ. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. गोऱ्यांच्या पंगतीत जागा मिळाली नाही म्हणून काढलेल्या या संघातही पुढे ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यांतल्याच मुलांना घेतलं जाई. धर्म बदलला तरी जात सामानाबरोबर येते. आम्ही मुसलमानांनी यावर फार बोलू नये, आमच्यातही तेच आहे.

१६८६ साली वाझ निघाले. बरोबर संघातला एक जण आणि जुआंव नावाचा घरचा नोकर. समुद्राच्या कडेकडेनं, बराचसा प्रवास पायी करत ते तमिळ मुलखात तुतिकोरीनला पोहोचले. तिथून डचांच्या नजरेखालून पाद्र्याला पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा वाझ यांनी झगा उतरवला, कमरेला फडकं गुंडाळलं आणि हमालाचा, गुलामाचा वेश घेतला. रंग सावळा, पायांना भेगा, कुणाला संशय आला नाही. गुलामीच्या पत्राचं म्हटलं होतं ते हे. जेझुइटांनी ज्याला काळा म्हणून संघात घेतलं नसतं, तोच काळा रंग इथं उपयोगी पडला. युरोपियन पाद्री हे करूच शकला नसता.

१६८७ साली जाफन्याला उतरले ते अर्धमेले. वाटेत हगवण लागली होती. आजार पसरेल या भीतीनं त्यांना आणि जुआंवला गावाबाहेर रानात टाकून देण्यात आलं. चरित्रकार सांगतात की एक बाई रोज येऊन त्यांना पेज देत असे. तिचं नाव नाही, धर्म नाही. ती पेज मिळाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. अंकलना ही गोष्ट भारी आवडायची. "पेज," ते म्हणायचे, "गोयकाराला पेजेनंच वाचवलं."

बरं वाटल्यावर ते भीक मागत दारोदार फिरू लागले. गळ्यात जपमाळ. जाफन्यात कॅथलिक कोण आणि नाही कोण हे कळायचं कसं? तोंडानं विचारावं तर सापडण्याची भीती. म्हणून भिकारी दारात उभा राहायचा आणि माळ कुणाच्या नजरेत भरते ते पाहायचा. एखादा नुसती भाकर देई. एखादा माळेकडे पाहून थांबे, आजूबाजूला बघे आणि हळूच आत बोलवी. अशी घरं जोडत जोडत माणसं गोळा झाली. मिस्सा रात्री, कुणाच्या तरी परसात, पहाटेच्या आत सगळं आवरून. जाफन्याजवळ सिलालै नावाच्या गावानं त्यांना आसरा दिला. तमिळ ते तिथंच शिकले.

डचांना सुगावा लागलाच. पाद्र्याच्या डोक्यावर बक्षीस लागलं. एका नाताळच्या रात्री प्रार्थनेला जमलेल्या घरांवर छापे पडले, माणसं पकडली गेली, त्यांना फटके आणि तुरुंग भोगावा लागला. वाझ निसटले. ज्यांनी त्यांना लपवलं त्यांनी मात्र मार खाल्ला. संतांच्या चरित्रात हे भाग भराभर उरकले जातात, मला ते बरोबर वाटत नाही. पकडलेल्यांत कोळी होते, शेतकरी होते, आणि पाद्री कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही.

यानंतर वाझ किनारा सोडून डोंगराकडे, कँडीच्या राज्यात जायला निघाले. कँडी हे बौद्ध राज्य, डचांच्या ताब्याबाहेर. तिथं ते १६९२ साली पोहोचले, पण बेड्या घालून. हा पोर्तुगीजांचा हेर आहे अशी चुगली राजाच्या पदरी असलेल्या एका फ्रेंच प्रोटेस्टंटानं केली होती. मग तुरुंग, पुढे नजरकैद. तुरुंगात वाझ सिंहली शिकले. हळूहळू पहारेकऱ्यांना कळून चुकलं की हा कसला हेर! त्यांनी आवारात एक झोपडी उभारू दिली, तीच चर्च.

या कँडीबद्दल मला तुम्हाला मुद्दाम काही सांगायचं आहे. वाझ यांच्या पासष्ट वर्षं आधी, १६२६ च्या सुमाराला, पोर्तुगीजांनी आपल्या मुलखातून मुसलमानांना हाकलून लावलं. व्यापारी, खलाशी, पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहिलेले लोक. त्यांना कँडीच्या सेनारत राजानं ठेवून घेतलं आणि पूर्वेकडे बट्टिकलोवाच्या बाजूला जमिनी देऊन वसवलं. त्यांचे वंशज आजही तिथं भातशेती करतात. म्हणजे कॅथलिक राज्यकर्त्यांनी हाकललेल्या मुसलमानांना ज्या बौद्ध राजघराण्यानं आसरा दिला, त्याच घराण्यानं पुढे प्रोटेस्टंटांनी हाकललेल्या कॅथलिकांनाही आसरा दिला. इतिहासात असा हिशेब क्वचित लागतो. आणि पुणेकरांना हे नवल वाटू नये. आमच्या नाना पेठेतलं सिटी चर्च उभं आहे ती जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, पेशव्यांनीच दिली. कुणासाठी? पेशव्यांच्या फौजेत चाकरीला असलेल्या गोव्याच्या कॅथलिक शिपायांसाठी. अंकल याच चर्चमध्ये जायचे.

आता पावसाची गोष्ट. १६९३ साली कँडीत दुष्काळ पडला. भिक्खूंच्या प्रार्थना झाल्या, पाऊस नाही. राजा विमलधर्मसूर्य दुसरा यानं वाझ यांना विचारलं. त्यांनी चौकात एक क्रूस उभा केला आणि गुडघे टेकले. पाऊस कोसळला, आणि सगळे भिजले तरी वाझ आणि त्यांची वेदी मात्र कोरडीच राहिली, असं सांगतात. श्रद्धावानांसाठी तो चमत्कार आहे. मी एवढंच म्हणेन की पावसासाठी आभाळाकडे हात पसरणं सगळीकडे सारखंच. आमच्यात इस्तिस्काची नमाज आहे, तिच्यात अंगावरची चादर उलटी पांघरतात. खेड्यात पोरं 'धोंडी धोंडी पाणी दे' करत फिरतात. राजानं मात्र त्यानंतर वाझ यांना मोकळं फिरू दिलं, हा इतिहास.

आणि मग १६९७. कँडीत देवीची साथ आली. जेन्नरची लस यायला अजून शंभर वर्षं होती. देवी म्हणजे मरण, जगलाच तर आंधळेपण किंवा चेहऱ्याची चाळण. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. ज्यांना जाणं जमलं ते गेले. मागं राहिलेल्यांनी आपल्याच घरातल्या आजाऱ्यांना उचलून रानात नेऊन टाकलं. आई मुलाला, नवरा बायकोला. जनावरं फिरत होती. शहरात मढी पडून होती.

वाझ राहिले. त्यांच्याबरोबर त्यांचे भाचे फादर जोसेफ काऱ्व्हाल्यो होते, ते आदल्याच वर्षी गोव्याहून आले होते. दोघांनी सोडून दिलेली घरं ताब्यात घेऊन तिथं आजारी आणले. रानात टाकलेल्यांसाठी तिथंच झापांच्या झोपड्या उभारल्या. रोज ते घरोघर, झोपडीझोपडीत जात. पेज शिजवून भरवायची, फोड फुटलेले अंग धुवायचं, घाण काढायची, आणि मेला की खड्डा खणून पुरायचं. आजारी बहुतेक बौद्ध होते. साथ बराच काळ चालली. राजा परत आला तेव्हा म्हणाला असं सांगतात की हे पाद्री नसते तर रस्ते प्रेतांनी भरून गेले असते.

इथं एक प्रश्न येतो, तो मी टाळणार नाही. ही सेवा धर्मांतरासाठी होती का? वाझ मिशनरी होते. लोकांनी ख्रिस्ती व्हावं असं त्यांना मनापासून वाटे, मरणाऱ्याला ते बाप्तिस्मा देऊ करत, हे त्यांनी कधी लपवलं नाही. दरबारातल्या काहींना ते खुपायचं, तक्रारी व्हायच्या. बौद्धांच्या मनातली ही शंका पुरती गेली असंही नाही. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे कोलंबोला येऊन वाझ यांना धन्य घोषित करून गेले, तेव्हा बौद्ध धर्मगुरूंनी त्या भेटीवर बहिष्कार घातला होता. कारण पोपनी एका पुस्तकात बौद्ध धर्माबद्दल लिहिलेला मजकूर. मी अंकलना हा प्रश्न विचारला होता. ते पेटीवर बोटं फिरवत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "शायर, देवी आलेल्याच्या जवळ जाऊन बस आधी. मग विचार."

हे वाक्य पुढे मला पुरून उरलं. २०२० सालचा एप्रिल-मे आठवा. भवानी पेठ, नाना पेठ, आमचा सगळा भाग पत्रे ठोकून बंद केलेला. रोज आकडे यायचे आणि त्यात आमचा भाग सगळ्यात वर. मेच्या अखेरीस अंकलना ताप आला. ते एकटेच राहायचे, मुलगी परदेशात. बायकोनं तांदळाची पेज केली. मी ती डब्यात घेऊन गेलो, उंबऱ्यावर ठेवली, कडी वाजवली आणि जिना उतरून खाली आलो. तीन दिवस असंच. आतून त्यांचा आवाज यायचा, "ठेव, ठेव." चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. मी खिडकीतून पाहिलं. खाली उतरलो नाही. घरात बायको होती, दम्याची आई होती, हे खरं. पण खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटत होती. सहाव्या दिवशी ते गेले. त्यांना दफनभूमीत नेलं ते स्वयंसेवक पोरांनी, अंगावर ते पांढरे सूट चढवून. त्यातली दोन पोरं आमच्याच मोहल्ल्यातली होती, दहावी नापास. त्या दिवसांत अशा पोरांनी पुण्यात सगळ्या धर्मांची प्रेतं उचलली, कुणाचा दफनविधी केला, कुणाला अग्नी दिला. मी त्यातल्या एकाला नंतर विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, "वाटली ना चाचा. पण उचलायला कुणी नव्हतं."

वाझ यांना कँडीत भीती वाटली का, हे कुठल्याच चरित्रात मला सापडलं नाही. असतं तर बरं झालं असतं.

साथीनंतर राजानं कॅथलिकांना आपल्या राज्यात मोकळीक दिली. गोव्याहून आणखी पाद्री आले. त्यांतल्या एकाचं नाव मी कवी म्हणून घेणारच. जाकोमे गोन्साल्विस, १६७६ साली दिवाडी बेटावर जन्मलेले. ते १७०५ साली श्रीलंकेत आले. वाझ यांनी त्यांना पहिलं काम दिलं ते सिंहली शिकण्याचं. नुसतं बोलण्यापुरतं नव्हे, पंडितांची, कवींची सिंहली. गोन्साल्विस शिकले आणि सिंहलीत गद्य लिहिलं, पद्य लिहिलं, शब्दकोश केले. सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचं नाव 'देव वेद पुराणय'. पुराण! साष्टीत स्टीफन्सनी मराठीत पुराण लिहिलं, शंभरेक वर्षांनी दिवाडीच्या माणसानं सिंहलीत. ज्या सरकारनं या लोकांना त्यांची मायबोली सोडायला सांगितली, त्याच्या मुलखातून बाहेर पडून ते दुसऱ्यांच्या मायबोलीत लिहायला शिकले. तमिळ तमिळांसाठी, सिंहली सिंहलींसाठी. पोर्तुगीज शिका असं त्यांनी तिथल्या लोकांना सांगितलं नाही.

वाझ यांना बिशप करण्याचं घाटत होतं, त्यांनी नाही म्हटलं. शेवटची वर्षं आजारात गेली. बैलगाडीतून, नंतर डोलीतून फिरत राहिले, मग तेही थांबलं. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत ते गेले. वय साठीलाही पोहोचलं नव्हतं. श्रीलंकेत उतरल्यापासून चोवीस वर्षं झाली होती आणि त्यात ते एकदाही गोव्याला परतले नाहीत.

त्यांना कँडीतल्या चर्चमध्ये पुरलं. पुढे राजे बदलले, धोरण बदललं, ते चर्च मोडलं गेलं. आज त्यांची कबर नेमकी कुठे होती हे दाखवता येत नाही. गोव्यात झेवियरचा देह चांदीच्या पेटीत आहे, २०२४-२५ मध्ये तो दर्शनाला खाली आणला तेव्हा लाखो लोक रांगेत होते. वाझ यांचं हाडही कुणाकडे नाही. संतपद द्यायला कॅथलिक नियमांप्रमाणे दुसरा चमत्कार लागतो, तोही नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी ती अट बाजूला ठेवली.

मागच्या पावसाळ्यात मी सांकवाळला जाऊन आलो. जुनं चर्च एकोणिसाव्या शतकात आगीत गेलं, नुसती दर्शनी भिंत उभी आहे. पांढरी, नक्षीची, मागे काहीच नाही, दारातून पलीकडचं गवत दिसतं. जवळच वाझ यांचं मंदिर आहे, जानेवारीत तिथं मोठी गर्दी असते, त्या दिवशी मी आणि एक झाडूवाली बाई एवढेच होतो. दुपारी बस बदलून वेलिंगला नृसिंहाच्या देवळातही गेलो. पुण्याच्या नंबराच्या दोन गाड्या बाहेर उभ्या होत्या.

अंकलच्या घरात वाझ यांचं कॅलेंडरमधून कापलेलं एक चित्र होतं. त्यांची मुलगी घर आवरायला आली तेव्हा तिनं ते मला दिलं. माझ्या टेबलावर मोल्सवर्थच्या शब्दकोशाला टेकवून ठेवलं आहे. पाय चित्रात दिसत नाहीत, कॅलेंडरवाल्यानं तारखांसाठी तिथून कापलेत.